कोणती हद्द ओलांडली?

२० ऑगस्ट २०२१. सिंदखेडराजा तालुक्यात तढेगावजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावरचा एक टिपर उलटला. टिपरमध्ये लोखंड भरलेलं होतं आणि त्या लोखंडाबरोबरच मजूर बसले होते. तेरा जण गेले. परराज्यातून आलेली, महिन्याच्या महिन्याला घरी पैसे पाठवणारी माणसं. बातमी दोन-तीन दिवस चालली, वारसांना मदत जाहीर झाली आणि मग पावसाच्या बातम्या आल्या.

त्या दिवशी या देशात आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा लागू होता. परराज्यातले पाच किंवा जास्त मजूर कामावर असले की मालकाला नोंदणी आणि ठेकेदाराला परवाना सक्तीचा. प्रत्येक मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं. ते हिंदी-इंग्रजीत, आणि मजुराची भाषा वेगळी असेल तर त्या भाषेतही. गाव सोडल्याबद्दल महिन्याच्या मजुरीच्या निम्मा किंवा ७५ रुपये, यातला जो जास्त असेल तो विस्थापन भत्ता. जाण्या-येण्याचं भाडं, प्रवासातल्या दिवसांची मजुरी, राहायला जागा, औषधपाणी, कामावर घालायचे कपडे. जिवावरचा अपघात झाला तर दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि नातेवाइकांना कळवायचं. कागदावर एवढा मायाळू कायदा शोधून सापडायचा नाही. कुठल्याही साइटवर जाऊन मजुरांना ‘पासबुक आहे का’ असं विचारून पाहावं. बहुतेकांना ते बँकेचं वाटतं.

तढेगावच्या अपघातानंतर सहा दिवसांनी, २६ ऑगस्टला, दिल्लीत ई-श्रम पोर्टल सुरू झालं. असंघटित मजुरांची देशपातळीवरची पहिली नोंदवही. ती ३१ जुलैपर्यंत सुरू करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ जूनलाच बजावलं होतं. आदल्या वर्षीच्या टाळेबंदीत लाखो माणसं रस्त्याने चालत निघाली, तेव्हा ती कोण, कुठली, किती, हे सरकारला सांगता आलं नव्हतं. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली आलेले सोळा मजूर आपल्या शेजारच्या जालन्याच्या पोलाद कारखान्यातून निघाले होते आणि रूळ धरून मध्यप्रदेशात घरी चालले होते. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत प्रश्न आला, वाटेत किती मजूर मेले? उत्तर आलं, अशी आकडेवारी ठेवलेली नाही. त्याच अधिवेशनात हा १९७९ चा कायदा रद्द करणारी संहिता मंजूर झाली.

०

तढेगावपासून दुसरबीड जवळच आहे. तिथे जिजामाता सहकारी साखर कारखाना आहे, म्हणजे होता. चिमणी आहे, धूर नाही. कितीतरी वर्षं तो बंद आहे. सिंदखेडराजा आणि लोणार तालुक्यांतल्या टोळ्या मात्र दरवर्षी ऊस तोडायला जातातच. कोल्हापूर-सांगलीकडे, सोलापूरकडे, काही सीमा ओलांडून बेळगावकडे. ज्या रस्त्यावर परप्रांतातला मजूर कामाला आला, त्याच रस्त्याने इथला मजूर कोयता घेऊन बाहेर पडला. एकाच तालुक्यात हे दोन्ही प्रवाह एकमेकांना ओलांडून जातात आणि कायद्याला त्यातला एकच दिसतो. लोणारची जोडी पाचशे किलोमीटरहून जास्त अंतर तोडून शिरोळला गेली तर ती स्थलांतरित नाही, कारण महाराष्ट्र ओलांडलेला नाही. तीच जोडी आणखी तासाभराच्या वाटेवर चिकोडीला उतरली की आंतरराज्य. सातपुड्यापलीकडून बऱ्हाणपूरच्या बाजूचा भिलाला किंवा कोरकू माणूस कपाशी वेचायला जळगाव जामोदच्या शेतात उतरतो, काही वेळा पायीच. तोही आंतरराज्य. पण शेतकऱ्याकडे माणसं सहा-सात. त्या नव्या संहितेला दहा लागतात. म्हणजे तोही सुटला.

माझं म्हणणं एवढंच आहे की या सगळ्या चर्चेत मोजायची ती गोष्ट मोजलीच जात नाही. राज्याची हद्द नकाशावर असते. मजुराला बांधून नेणारी गोष्ट मुकादमाच्या वहीत असते. तिचं नाव उचल.

बुलढाणा जिल्ह्याचे तेरा तालुके बोलण्यात दोनच असतात, घाटावरचे आणि घाटाखालचे. घाटाखाली खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, मोताळा, जळगाव जामोद, संग्रामपूर: पूर्णेची काळी, खारपाणपट्टा, कपाशी, आणि उत्तरेला सातपुड्याची भिंत. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा: सोयाबीन, तूर, हलकी जमीन, आणि पावसाच्या मर्जीवर सगळा खेळ. हा जिल्हा कायम माणसं बाहेर धाडणारा नव्हता, हे आज कोणाला खरं वाटणार नाही. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः तिथे येऊन गेला, कारण वऱ्हाडच्या कापसाची ही मोठी पेठ होती. सरकीपासून गाठीपर्यंतच्या कामाला बाहेरून माणसं यायची. निजामाच्या मुलखातून, खानदेशातून, मारवाडातून लोक आले, राहिले आणि वऱ्हाडी झाले. त्यांना परप्रांतीय म्हणायची तेव्हा रीत नव्हती. मुलुखच दोन राजवटींच्या सांध्यावर वसलेला, कोण कोणाला काय म्हणणार?

आज गावात ‘का जाता’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं. ‘इथं काम भेटलं असतं तं कोन जाते?’ सोयाबीन सोंगून झालं, तूर उभी आहे, कपाशीच्या दोन वेचण्या झाल्या की कोरडवाहू गावात काम उरत नाही. आणि नेमकं सोंगणीच्या पंधरा दिवसांत माणूस मिळत नाही. तेव्हा मेळघाटातून, मध्यप्रदेशातून गाडी भरून मजूर आणावे लागतात आणि एकरी भाव त्यांचे मुकादम ठरवतात. गावकरी हे सांगताना कुरकुरतात, ‘बाहेरचे लोक लय मागतात.’ तेच गावकरी महिन्याभराने पुण्याच्या किंवा बेळगावच्या वाटेवर बाहेरचे लोक होणार असतात.

०

उचल कशी चालते, हे नीट सांगायला हवं. कायद्याबद्दल बोलणाऱ्यांना ती फार तर ‘ॲडव्हान्स’ म्हणून माहीत असते.

कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार वाहनमालकाशी करतो आणि त्याला पैसे देतो. वाहनमालक मुकादमाला देतो. मुकादम गावात येऊन जोडी बांधतो. जोडी म्हणजे नवरा-बायको, एक कोयता. नुसत्या पुरुषाला अर्धा कोयता धरतात. दहा-बारा जोड्यांची टोळी. पैसे पोळा-दसऱ्याच्या सुमारास हातात पडतात, म्हणजे लग्नाचं देणं, दवाखाना, खताचं उधार, पोराची फी यांची निकड जेव्हा सर्वांत जास्त असते तेव्हा. जोडीमागे पन्नास हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत. त्यावर सही असते किंवा अंगठा. करारनामा असला तर तो मुकादम आणि वाहनमालक यांच्यात. मजूर त्यात कुठेच नसतो. तो फक्त वहीत असतो.

आता हिशोब. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ दिली, टनामागे सुमारे ३६६ रुपये. एक जोडी पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत राबून दोन टन तोडते असं धरलं, तर दिवसाचे ७३२. लाखाची उचल फेडायला १३७ दिवस लागतात. एकही खाडा न धरता, पोटात काही न घालता. २०२४-२५ चा गाळप हंगाम बहुतेक ठिकाणी शंभर दिवसांच्या आत आटोपला. ऊसच कमी होता आणि हार्वेस्टर वाढले होते. म्हणजे वाढीव दर मिळूनही हिशोब मिटला नाही. उरलेली बाकी पुढच्या दसऱ्याच्या वहीत पहिल्या ओळीवर जाते. त्या बाकीमुळेच पुढच्या वर्षी कोणत्या मुकादमाकडे जायचं, हा प्रश्न उरत नाही.

दुसरी बाजूही आहे आणि ती खोटी नाही. उचल घेऊन टोळी आलीच नाही, किंवा मुकादमाने तीन वाहनमालकांकडून एकाच टोळीच्या नावावर पैसे घेतले, अशा तक्रारी पश्चिम महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांत दरवर्षी पडतात. ट्रॅक्टरचे हप्ते थकलेले वाहनमालक मराठवाड्यात आणि घाटावरच्या तालुक्यांत मुकादम शोधत हिंडतात. त्यांच्यासाठीही कायदा हवा, ही मागणी जोरात आहे, आणि खरं सांगायचं तर विधिमंडळात तिचा आवाज टोळीच्या आवाजापेक्षा मोठा आहे. वाहनमालकाला मतदारसंघ असतो. तो मतदानाच्या दिवशी गावात असतो.

इथे १९७९ च्या कायद्यातलं एक कलम आठवावं लागतं. कामाची मुदत संपली की ठेकेदाराने किंवा मालकाने दिलेलं कर्ज मजुराकडे बाकी राहता कामा नये, आणि राहिलं तर ते आपोआप बुडालं असं समजावं. हे पुस्तकातलं स्वप्न नाही. चाळीस वर्षांहून जास्त काळ तो देशाचा कायदा होता, आणि नव्या संहितेतही ही तरतूद राहिली आहे. म्हणजे चिकोडीला तोडणी करून परतलेल्या टोळीची बाकी हंगाम संपताच शून्य व्हायला हवी. शिरोळला तोडणी करून आलेल्या टोळीची बाकी मात्र उभीच. सीमेवरचे काही कारखाने दोन्ही राज्यांतला ऊस गाळतात. टोळी आज या राज्याच्या फडात, आठवड्याने त्या राज्याच्या फडात. तिचं कर्ज कोणत्या बांधावर मरतं आणि कोणत्या बांधावर पुन्हा उठून बसतं, हे कायदा वाचून सांगावं. आणि फड ही ‘आस्थापना’ मानायची का, कारखाना हा टोळीचा मालक मानायचा का, यावर वकील तुम्हाला दिवसभर बसवून ठेवतील. कारखान्यांचं उत्तर ठरलेलं आहे: आमचा करार वाहनमालकाशी आहे.

राज्यातल्या राज्यात जाणाऱ्यांसाठी वेठबिगारी निर्मूलनाचा १९७६ चा कायदा आहे, तो वापरा, असं सांगणारेही भेटतात. मुद्दा चूक नाही. आगाऊ रकमेपायी माणसाचं येणं-जाणं, दुसरीकडे काम करणं अडलं, तर ती वेठबिगारीच. १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी त्याच्याही पुढे जाऊन किमान वेतनाहून कमी मजुरी ही सक्तीची मजुरी ठरवली होती. पण त्यासाठी आधी कोणीतरी जिल्हाधिकाऱ्यांपुढे जाऊन ‘आम्ही वेठबिगार’ म्हणावं लागतं. मुकादम बहुतेकदा भावकीतला, नाहीतर बायकोच्या माहेरचा असतो. कोण म्हणेल?

०

हा १९७९ चा कायदा आला कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. ओडिशातल्या खेड्यांतून आगाऊ पैसे देऊन मजूर नेण्याची जी पद्धत होती, तिला तिथे दादन म्हणत. सरदार नावाचा दलाल सणासुदीला गावात यायचा, पैसे वाटायचा, माणसं दूरच्या बांधकामांवर न्यायचा आणि ठरल्यापेक्षा कितीतरी कमी हातावर टेकवायचा. त्या प्रकरणावरून केंद्राने नेमलेल्या समितीतून हा कायदा निघाला आणि २ ऑक्टोबर १९८० पासून लागू झाला. कायदा उचलीच्याच पोटी जन्मला, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं विचित्र वाटू लागतं. जन्माचं कारण उचल आणि ओळखीची खूण मात्र सरहद्द.

कायदा झाला त्याच वर्षी, २६ जानेवारी १९७९ ला, महाराष्ट्रात रोजगार हमी कायदा लागू झाला होता. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापुरात करून पाहिलेला प्रयोग राज्याचा कायदा झाला. दिल्लीने म्हटलं, जाणाऱ्याला सांभाळा; मुंबईने म्हटलं, जायची वेळच येऊ देऊ नका. बुलढाण्यासारख्या जिल्ह्याला दोन्ही हवे होते. रोहयोने काय केलं, याची साक्ष जुन्या पाझर तलावांवर आहे. पुढे केंद्राचा २००५ चा कायदा आला, शंभर दिवस झाले. डिसेंबर २०२५ मध्ये त्या जागी नवा कायदा आला आणि दिवस १२५ झाले, पण खर्चाचा पूर्वीपेक्षा मोठा वाटा राज्यांवर आला. पेरणी आणि काढणीच्या काळात मिळून साठ दिवस ही कामं बंद ठेवायची मुभाही त्यात आहे, शेतीला मजूर मिळावा म्हणून. सोंगणीत मजूर मिळत नाही ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे, तिची चेष्टा करू नये. पण ज्या दसऱ्याला मुकादम पैसे घेऊन दारात उभा असतो, त्याच दसऱ्याला सरकारी काम बंद असलं, तर कोणाचं दार उघडं राहणार?

०

आता नवी संहिता. २२ सप्टेंबर २०२० ला लोकसभेत आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेत मंजूर झाली. विरोधकांनी बहिष्कार टाकला होता, त्यामुळे बाकं निम्मी रिकामी. देशातल्या कोट्यवधी स्थलांतरितांचा कायदा बदलताना जी चर्चा झाली ती अशी. मग पाच वर्षं ती अंमलाविना पडून राहिली आणि दिवाळीनंतर महिन्याभराने, २१ नोव्हेंबर २०२५ ला, चारही कामगार संहिता एकदम लागू झाल्या.

काय मिळालं? जुन्या कायद्यात ठेकेदाराने नेलेलाच मजूर स्थलांतरित होता. स्वतःच्या पायाने गेलेला, कामाला लागलेला माणूस मोजलाच जात नव्हता. आता तो मोजला जातो, मजुरी महिन्याला १८ हजारांच्या आत असेल तर. ही मोठी सुधारणा आहे आणि ज्यांनी ही संहिता सरसकट झिडकारली त्यांनी हे मान्य केलं पाहिजे. पुण्याच्या साइटवर मित्राच्या फोनवरून गेलेला बिहारचा पोरगा आता कायद्याच्या कक्षेत आहे. रेशन कुठल्याही राज्यात घ्यायची सोय आहे. वर्षातून एकदा गावी जाण्या-येण्याचं भाडं आहे. मदतीसाठी फोन नंबर आहे.

काय गेलं? विस्थापन भत्ता गेला. पासबुक गेलं. पाचाचे दहा झाले. कंत्राटी कामगारांच्या जुन्या केंद्रीय कायद्यात ठेकेदाराच्या परवान्यासाठी वीस मजूर पुरत, आता पन्नास लागतात. उद्योगांचं म्हणणं असं की पाच माणसांसाठी परवाने, नोंदवह्या, तपासण्या यांत छोटा ठेकेदार अडकत होता आणि म्हणून सगळंच कागदाबाहेर चालत होतं. उंबरठा वाढवला तर निदान मोठे तरी कागदावर येतील. कामगार संघटना म्हणतात, ठेकेदार आता चाळीस-चाळीसच्या टोळ्या करतील. मला दुसरं जास्त पटतं, कारण या जिल्ह्यातली वीटभट्टी, सोंगणी, वेचणी, रस्त्याचं पोटकाम यातलं काहीच पन्नासाच्या घरात जात नाही. आकडा ठरवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कारखाना होता.

जाता जाता भांड्यांबद्दल. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर होता. त्यातून महाराष्ट्राच्या मंडळाकडे मोठा निधी जमला, आणि वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला दिला की नोंदणी होते. खेड्यापाड्यांत या कायद्याची ओळख एकच: गृहोपयोगी भांड्यांचा संच. संच वाटपाच्या ठिकाणी पहाटेपासून रांगा लागतात, आणि रांगेत उभे असलेल्यांत किती जणांनी कधी घमेलं उचललं होतं, हे विचारायची सोय नाही. खरा बांधकाम मजूर त्या वेळी चाकणला असतो. नव्वद दिवसांचा दाखला त्याला कोण देणार? तिथल्या ठेकेदाराला याचं आडनावही ठाऊक नसतं.

०

या विषयावर जाहीर वाद होत नाही, असं नाही. होतो, पण दुसऱ्याच नावाने. टीव्हीवर ‘परप्रांतीय’ म्हटलं की तासाभराचा कार्यक्रम होतो. २००८ च्या मुंबई-नाशिकच्या मारहाणीपासून तो थांबलेला नाही. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत तीस हजारांपर्यंतच्या पगाराच्या ७५ टक्के जागा स्थानिकांना राखून ठेवणारा कायदा केला. उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. कर्नाटकाने जुलै २०२४ मध्ये तसंच विधेयक आणलं आणि दोन दिवसांत बाजूला ठेवलं. ते झालं असतं तर बेळगावकडच्या आपल्या टोळ्यांचं काय झालं असतं, हा प्रश्न इकडे कोणी विचारल्याचं माझ्या पाहण्यात आलं नाही. आपण नेहमी येणाऱ्याच्या बाबतीत बोलतो, जाणाऱ्याच्या बाबतीत नाही. वास्तविक विदर्भ-मराठवाड्याला या वादात येणाऱ्याच्या विरोधातली बाजू घ्यायचं कारणच नाही. इथला माणूस बहुतेक ठिकाणी तो येणाराच आहे. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला खासगी बस पेटून पंचवीस माणसं जळाली, ती बस नागपूरहून पुण्याला चालली होती. विदर्भातली पोरं शिक्षण आणि नोकरीसाठी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पश्चिमेला जातात, तीच ती वाट.

परदेशी जाणाऱ्यांबद्दल मात्र आपण भरपूर बोलतो. शेगावचं श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून चालू आहे, आणि तिथून शिकून गेलेली मुलं अमेरिकेत सापडत नाहीत असं शहर विरळाच. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लागलं, तेव्हा शेगाव-खामगावच्या घरांतही रात्रभर फोन चालले. अमेरिकेचा वाद तसा जुना. २०१३ मध्ये दोन्ही पक्षांच्या आठ सिनेटरांनी मिळून आणलेलं स्थलांतर सुधारणा विधेयक सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं आणि प्रतिनिधिगृहाने ते मतालाच घेतलं नाही. तरी दहा-बारा वर्षं त्यावर भाषणं झाली, मोर्चे निघाले, निवडणुका लढल्या गेल्या. तिथे वाद कागद नसलेल्या परक्यांचा. इथे ज्याच्याजवळ आधार, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, ई-श्रमचं कार्ड असे चार कागद आहेत, त्या नागरिकाच्या कायद्यावर चर्चा नाही.

याचं एक साधं कारण आहे. बोलायच्या वेळी तो नसतो. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं आणि गाळप १५ नोव्हेंबरपासून. टोळ्या निघून गेल्या होत्या. दूर राहून मतदान करण्याच्या यंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये मांडला. जानेवारीत पक्षांना बोलावलं, पक्षांनी शंका काढल्या आणि तो विषय तिथेच राहिला. एक ग्रामसभा २६ जानेवारीला असते. तेव्हाही टोळी फडात. जनगणनेची माणसं मोजण्याची फेरी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. तेव्हाही तीच गत. लोणारची जोडी कोल्हापूर जिल्ह्यात मोजली जाईल, किंवा दोन्हीकडे सुटेल, आणि पुढची दहा वर्षं अंगणवाडी, रेशन, घरकुल यांचे हिशोब त्या आकड्यावर चालतील. सोयाबीन-कापसाच्या भावासाठी बुलढाण्यात मोठे मोर्चे निघतात, रविकांत तुपकरांसारखं नेतृत्व त्यातून उभं राहतं, कारण शेतकरी जागेवर असतो. मजुराचा मोर्चा काढायचा तर तो मे महिन्यात काढावा लागेल. त्याच सुमारास, अक्षय तृतीयेला, जिल्ह्यातल्या भेंडवळची घटमांडणी होते. टोळ्या तोपर्यंत परतलेल्या असतात. त्या घटात पाऊस, पीक, राजाची गादी, सगळ्याचं भाकीत निघतं. मजुरीचं धान्य त्यात कोणी मांडलेलं नाही.

०

मग काय करावं? केंद्राच्या संहितेत एक शब्द बदला, ‘आंतरराज्य’ काढा, असं म्हणणं सोपं आहे. संसदेत ते आज-उद्या होईल असं दिसत नाही. पण कामगार हा समवर्ती सूचीतला विषय आहे. महाराष्ट्राला स्वतःचं काही करायला कोणी अडवलेलं नाही. राज्याने ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ केलं आहे, मुलांच्या वसतिगृहांची योजना आणली आहे. त्या चांगल्या आहेत. पण उचलीला, म्हणजे सगळ्याच्या मुळाला, त्या हात लावत नाहीत. मजुराचं नाव कारखान्याच्या खात्यात, मजुरी त्याच्या बँकेत, हंगामाच्या शेवटी बाकी शून्य, आणि वाहनमालकाचे बुडालेले पैसे वसूल करायची वेगळी, दिवाणी वाट, एवढ्या चार गोष्टींसाठी दिल्लीकडे पाहायची गरज नाही. मुकादमाचं काय, तर त्याने माणसं जमवण्याचं काम करावं आणि त्याचं कमिशन घ्यावं, सावकारी दुसऱ्याची.

हे अशक्य आहे, धंदा असा चालत नाही, असं कारखानदार म्हणतील. हेच मुंबईच्या गोदीत आणि घाऊक बाजारात व्यापारी म्हणत होते. तिथे पाठीवर पोती वाहणारे बहुतेक लोक सातारा-पुणे जिल्ह्यांतून आलेले, टोळीत बांधलेले, दलालाच्या हातून पैसे घेणारे होते. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. मालकाने मजुरी आणि वरची लेव्ही मंडळाकडे भरायची, मंडळाने ती कामगाराला द्यायची, भविष्यनिर्वाह निधी, रजा, दवाखाना मंडळाने पाहायचा. त्या कायद्यात दोष शिरले, बनावट माथाडी निघाले, खंडणीच्या तक्रारी झाल्या, हे सगळं खरं आहे. तरी पाटण तालुक्यातून मुंबईला आलेल्या हमालाला नोंदणीसाठी कधी राज्याची हद्द ओलांडावी लागली नाही.